भाचीचा फोटो परत द्या

५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

आत्याचे पुष्कळ आशीर्वाद. आतोबांचेही आहेत, ते छापखान्यात अडकलेत, म्हणून त्यांच्या वाटचे मीच देऊन टाकते.

आधी कुठेतरी टेक. टेकलीस? तर मी निवडणुकीला उभी राहिले आहे. आपल्या वॉर्डातून, नगरपालिकेच्या. आता पोट धरून हसून झालं की पुढचं वाच.

मी निवृत्त झाले आणि वर्षभरात सात नंबरची बस हॉस्पिटलपर्यंत न्यायची बंद झाली, हे तुला ठाऊक आहे. आता ती पुलाशीच वळते. तिथून वर हॉस्पिटलचा दरवाजा म्हणजे धडधाकट माणसाला वीस मिनिटांचा चढ. बावीस वर्षं मी त्या रस्त्यावर गाडी हाकली, कुठल्या वळणावर कोणाच्या पोटात ढवळतं तेसुद्धा मला पाठ आहे. गेल्या महिन्यात त्या चढावर आपली लाँड्रीवाली दिसली. नवऱ्याला आठवड्यातून दोनदा रक्त शुद्ध करायला न्यावं लागतं. दोघं रस्त्याच्या कडेला दगडावर बसले होते, आणि ती त्याला सांगत होती, की आता थोडंच राहिलंय. थोडं नव्हतं गं राहिलं. अर्धं होतं.

मी तशीच आपल्या नगरसेवकाकडे गेले. तोच तो, फर्निचरवाला, तीन वेळा निवडून आलेला. त्याने मला आरामखुर्चीत बसवलं, नवी कोरी, प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. सगळं ऐकून म्हणाला, की बाई, बस चालवणं वेगळं आणि गाव चालवणं वेगळं. मी म्हटलं, खरं आहे, बसला निदान ब्रेक असतात. आणि तिथून उठले ती थेट अर्ज भरायच्या खिडकीपाशी.

आता तुझ्याकडे काम. मार्चअखेरीला माझी शेवटची सभा आहे. तू सुट्टी घेऊन ये आणि लष्कराच्या वर्दीत माझ्या शेजारी मंचावर बस. एक अक्षर बोलू नकोस. तू नुसती बसलीस तरी माझी सभा उभी राहील. सात वर्षांची होतीस तेव्हापासून तुला वाढवलं. तू कशी ताठ बसतेस ते गावाला एकदा दिसू दे.

आतोबा पत्रकं छापताहेत. मला दाखवत नाहीत, गालातल्या गालात हसतात. देव जाणे काय घाट घातलाय.

आशीर्वाद आहेतच, तुझ्याकडून माया आणि सुट्टी, दोन्ही मागते.

तुझी आत्या

*

१४ फेब्रुवारी

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. म्हणेपर्यंतसुद्धा धीर धरवत नाही. तू उभी राहिलीस! मी तुझं पत्र मेसमध्ये वाचलं आणि एवढ्या जोरात ओरडले, की स्वयंपाक्याच्या हातून झारा पडला. ब्रेकचं वाक्य मी आमच्या सगळ्या ड्रायव्हरांना सांगितलं. आमच्या ट्रकांच्या डेपोत आता तुला सगळे ‘ब्रेकवाली आत्या’ म्हणतात.

आणि आता कडू घोट. मला मंचावर बसता येणार नाही. वर्दीत तर नाहीच.

रुसू नकोस, नीट ऐक. दर वर्षी आम्हाला मैदानात उभं करून हा नियम वाचून दाखवतात. मत द्या, खुशाल द्या. आपापसांत वाद घाला. आमच्या जेवणाच्या टेबलावर रोज होतो, परवा त्यापायी एकाचं लोणी वितळून गेलं. साध्या कपड्यांत, परवानगी काढून, एखाद्या सभेला श्रोता म्हणून उभं राहता येतं. पण वर्दी अंगात असताना, किंवा हुद्दा सांगून, कोणासाठी मत मागायचं नाही. मंच नाही, घोषणा नाही, पत्रकं नाहीत, फोटो नाही.

तू म्हणशील, आत्याशेजारी बसण्यात कसलं आलंय राजकारण. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग आठवलं, गेल्या पुरात मी ट्रक घेऊन माणसं काढायला गेले होते. छपरावर बसलेल्या एकानेही आम्हाला विचारलं नाही, की तुम्ही कोणत्या बाजूचे. वर्दी दिसली आणि त्यांनी आपली पोरं आमच्या हातात दिली. उद्या तुमच्याकडे पाणी चढलं तर फर्निचरवाल्यालाही मलाच ट्रकवर चढवायचंय. त्याने माझ्याकडे बघून घुटमळता कामा नये, की ही तर आत्याच्या पार्टीची.

आणखी एक, तुझ्यापासून काय लपवायचं. मोठ्या ट्रकांवर शिकवणारी म्हणून माझं नाव यादीत गेलंय. पुढच्या महिन्यात निकाल. सहा वर्षं मी याची वाट पाहते आहे.

म्हणून हात जोडून सांगते, शोकेसमधला माझा वर्दीतला फोटो शोकेसमध्येच राहू दे. आतोबांना आजच सांग. त्यांचं गालातल्या गालात हसणं मला लहानपणापासून ओळखीचं आहे.

मत द्यायला येणार, नक्की येणार. तोवर तुझी माया आहे तेवढी राहू दे. नकार ऐकून त्यातली चिमूटभरही कमी करू नकोस.

तुझी भिंगरी

*

१९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अपराधी आतोबाचे आशीर्वाद. घ्यायचे की परत पाठवायचे, तूच ठरव.

तुझं पत्र मंगळवारी आलं. पत्रकं सोमवारी वाटून झाली होती.

आठशे छापली. सोबत एक ठेवलं आहे. डाव्या अंगाला तुझा फोटो, पूर्ण वर्दीत, टोपीसकट. उजवीकडे तुझी आत्या, बसच्या दारात उभी. आणि मध्ये ठळक अक्षरांत माझं काव्य: ‘भाची सांभाळते सीमा, आत्या वॉर्डाचा विमा!’ पोरी, चाळीस वर्षं मी लोकांच्या लग्नाची आमंत्रणं आणि दुकानांची बिलं छापली. पहिल्यांदाच स्वतःचं काही छापलं. जुळवणी करताना मला इतकं सुचत होतं, की विचारायचं सुचलंच नाही.

तुझ्या आत्याने पत्र उभ्याउभ्या वाचलं. मला वाटलं, भांडी आदळेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिने पायांत बूट घातले, जुनी तिकिटांची चामडी बॅग खांद्याला लावली आणि बाहेर पडली. कुठे जातेस विचारलं, तर म्हणाली, वाटलेलं गोळा करायला. दोन दिवस झाले, सकाळी जाते ती संध्याकाळी येते. माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते, तेही दाराला सांगते: दार, यांना म्हणावं साखर संपली.

तुझ्या साहेबांना काय लिहून द्यायचं ते कळव. चूक माझी, शाईही माझी. तुला यातलं काडीइतकंही माहीत नव्हतं, हे मी कुठेही येऊन सांगेन.

आभाळाएवढी क्षमा मागतो. मुठीएवढी मिळाली तरी चालेल.

तुझे आतोबा

*

२५ फेब्रुवारी

ती. आतोबांस,

सा. न. वि. वि. आशीर्वाद परत पाठवत नाही, ठेवून घेतले आहेत.

खोटं कशाला बोलू, पत्र वाचून मला राग आला. मी जाऊन एक ट्रक धुतला, चाकांच्या आतून सुद्धा. तो धुवून झाल्यावर दुसरा धुतला. तिसऱ्याला हात घातला तेव्हा राग गेला आणि भीती उरली. मग हात पुसले आणि पत्रक घेऊन सरळ मेजर मॅडमकडे गेले. कोणी तक्रार करायच्या आधी आपणच सांगितलेलं बरं, हे मला आत्यानेच शिकवलंय. तिने एकदा डेपोच्या भिंतीला बस घासली होती आणि स्वतःच जाऊन नोंदवलं होतं.

मॅडमनी पत्रक हातात घेतलं. वाचलं. आणि खिडकीकडे वळल्या. बराच वेळ वळलेल्याच होत्या. त्यांचे खांदे हलताहेत असं मला वाटलं, पण वळल्या तेव्हा चेहरा कोरा होता. त्यांनी विचारलं, तू यातल्या सीमेवर कधी होतीस. मी म्हटलं, मॅडम, मी अजून सीमा पाहिलेली नाही, मी डेपोत असते. मग मात्र त्या गंभीर झाल्या. म्हणाल्या, की तुझ्या आतोबांना वाईट हेतू नव्हता हे दिसतंच आहे. पण ज्या घरात हे पत्रक पडलं, त्या घराला हेतू दिसत नाही, वर्दी दिसते.

चौकशी होईल. तोपर्यंत यादीतलं माझं नाव बाजूला काढून ठेवलंय. खोडलेलं नाही, बाजूला. हे आत्याला सांगू नका असं लिहिणार होते, पण ती तुमच्या चेहऱ्यावरूनच ओळखेल.

तुमचं एक पत्र हवं: मला न विचारता, माझ्या नकळत फोटो छापला, आणि पत्रकं परत घेतली जात आहेत. तेवढंच. कृपा करून यमक जुळवू नका.

दाराला म्हणावं, आत्याशी बोल आणि तिला सांग, आतोबांची साखर बंद करू नकोस.

राग गेला, लोभ तसाच आहे.

भिंगरी

*

८ मार्च

चि. भिंगरीस,

भरभरून आशीर्वाद. तुझं नाव बाजूला ठेवल्याचं मी ओळखलंच. त्या दिवशी आतोबांनी चहात मीठ घातलं.

आता ऐक, मोठं पत्र आहे. आठशेपैकी चाळीस छापखान्यातच होती. बाकीच्या सातशे साठ पत्रकांसाठी मी एकेक दार ठोठावलं, लाँड्रीवाली माझ्यासोबत. पहिल्या दिवशी लाजेने जीव अर्धा झाला. मतं मागायला दारात जातात, आणि मी म्हणत होते, भाचीचा फोटो परत द्या. सांगायचं तरी काय? मी खरं तेच सांगितलं. माझ्याकडून चूक झाली, तिला वर्दीत कोणाची बाजू घेता येत नाही, आणि मलाही तिच्या वर्दीच्या आडून मत मागायचं नाही. मत द्यायचं तर मला बघून द्या, नाहीतर देऊ नका.

आणि पोरी, दारं उघडायला लागली. पत्रक हातात घेऊन आलेल्या उमेदवारासमोर लोक दार अर्धंच उघडतात, पण पत्रक परत मागायला आलेली बाई त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. आत बोलावून बसवायचे. पत्रक शोधायला वेळ लागायचा, तेवढ्यात घरातली सगळी हकिगत निघायची. एकाने ते डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातलं होतं. मी त्याच्या जागी जुनं तिकीटपुस्तक घालून दिलं. एका घरात तुला मिशा काढल्या होत्या, आणि सांगते, शोभत होत्या. तुझे संगीताचे मास्तर द्यायलाच तयार नव्हते. म्हणाले, माझ्या एकाही विद्यार्थ्याचा फोटो कधी छापून आलेला नाही, आणि ही तर सुरात गातही नव्हती. शेवटी तुझा शाळेतला फोटो देईन असं कबूल केलं, तेव्हा सोडलं.

आणि जवळजवळ प्रत्येक घरात तो चढ निघाला. कोणाची आई, कोणाचा गुडघा, कोणाचं पहिलं बाळंतपण. मी वहीत काही लिहून घेतलं नाही, पण माझ्या डोक्यात आता सगळा वॉर्ड थांब्याथांब्याने बसलाय.

सातशे पंचावन्न मिळाली. पाच राहिली. ती कुठे होती ते पुढे येतं.

मंगळवारी आतोबा छापखान्यातून धावतच आले. मीही त्यांच्याशी दाराला मध्ये न घेता बोलले. त्यांच्या हातात एक प्रूफ होतं. गावात छापखाना एकच, तेव्हा फर्निचरवाल्याचं कामही आपल्याकडेच येतं. त्याने मोठा फलक छापायला दिला होता: तो स्वतः, आणि शेजारी नौदलाच्या पांढऱ्या वर्दीत त्याच्या बहिणीचा मुलगा, हात उंचावून. आतोबा हळूच म्हणाले, की आपण गप्प बसू. सांगितलं तसं छापून देऊ. फलक चौकात लागू दे, मग बघ कशी गंमत होते.

तुला खोटं सांगणार नाही. मला मोह झाला. दुपारभर मी ते प्रूफ मांडीवर घेऊन बसले. त्याचं ते वाक्य आठवलं, बस वेगळी आणि गाव वेगळं. छापलं असतं तर सरकारी खलाशी पोरगा अडकला असता, मामाची नाचक्की झाली असती आणि माझं काम आपोआप झालं असतं. पण त्या पोराचा चेहरा बघत राहिले. तुझ्याच वयाचा आहे गं. त्याचंही नाव कुठल्या तरी यादीत असेल. त्यालाही कोणी विचारलेलं नसेल.

संध्याकाळी दुकानात गेले. फर्निचरवाल्याला वाटलं, मी हातापाया पडायला आले. त्याने ड्रॉवर उघडला आणि आपली पाच पत्रकं टेबलावर ठेवली. निवडणूक कचेरीत तक्रार करायला ठेवली होती, तसं तोंडावर सांगितलं त्याने. मी त्यांच्या शेजारी त्याचं प्रूफ ठेवलं आणि नियम समजावून सांगितला, जसा तू मला सांगितलास तसा, पुराच्या पाण्यासकट. तो ऐकत होता. मग विचारलं, की बाई, तुम्ही हे छापू दिलं असतं तर तुमचा फायदा होता, मग कशाला आलात. मी म्हटलं, पोरगा तुमचा असला तरी वर्दी तुमची नाही, आणि माझी पण नाही.

तो त्याच्या त्या नव्या आरामखुर्चीत बसला. प्लॅस्टिकचा कुरकुर आवाज झाला. मग प्रूफ स्वतःच्या हाताने फाडलं आणि पाचही पत्रकं माझ्याकडे सरकवली. म्हणाला, मतांत मात्र तुम्हाला सोडणार नाही. मी म्हटलं, सोडू नकाच, मजा जाईल.

तुला पाठवलेलं सोडून बाकी सगळी आता बंबात गेली. एक तेवढं आतोबांनी उशीखाली ठेवलंय असा मला संशय आहे.

आतोबांचं पत्र आणि माझं, दोन्ही मेजरबाईंच्या नावे सोबत आहेत. तुझं काय झालं ते पहिल्या टपालाने कळव. आशीर्वाद पाठवतेच आहे, आज जरा जास्त.

तुझी आत्या

*

१५ मार्च

ती. आत्या आणि आतोबा यांस,

सा. न. वि. वि. घाईत लिहिते, अक्षर लावून घ्या.

मॅडमनी आज बोलावलं. तुमची दोन्ही पत्रं त्यांच्यासमोर होती. त्यांनी सांगितलं, की चौकशी संपली, माझ्यावर दोष नाही, वेळेवर स्वतः कळवलं हे नोंदवलं आहे. आणि नाव यादीत परत. आणि यादी काल वरून मंजूर होऊन आली! १ मेपासून मी शिकवणार. सलाम ठोकला आणि बाहेर येऊन थेट हे पत्र लिहायला बसले.

निघताना मॅडम म्हणाल्या, तुझ्या आत्याचं पत्र मी दोनदा वाचलं. या बाई आमच्याकडे असत्या तर बरं झालं असतं. मी म्हटलं, मॅडम, त्या कोणाचं ऐकत नाहीत.

चार दिवसांची सुट्टी मिळाली, त्यात मतदान बसतंय. आणि लेखी परवानगी: तुझ्या शेवटच्या सभेला साध्या कपड्यांत, श्रोत्यांत, गप्प. मी येते आहे. तोवर लोभाची आच मंद ठेवू नका.

भिंगरी

*

२ एप्रिल, परतीच्या गाडीतून

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. गाडी हलतेय म्हणून अक्षरही हलतंय.

सभेत तू मला तीनदा खुणेने विचारलंस, की अंगावर हे काय घातलंयस. घरात पाहुण्यांच्या गर्दीत सांगायला जमलं नाही, मग मतदान, मग निघण्याची गडबड. आता सगळं सांगते.

मला ड्यूटीवरून सरळ निघावं लागलं, म्हणून प्रवास वर्दीतच. वाटलं होतं, दुपारी पोहोचेन, घरी कपडे बदलेन. गाडी तीन तास उशिरा. स्टेशनातून बाहेर पडले तर समोरचा अख्खा रस्ता माणसांनी भरलेला आणि तुझा आवाज लाउडस्पीकरवर! सभा मैदानात ठरली होती ना? पाइप फुटून मैदानात चिखल झाला म्हणून तुम्ही ती स्टेशनसमोर आणलीत, हे मला काय ठाऊक. मी वर्दीत, आणि मागे स्टेशन, पुढे सभा. बॅगेतले कपडे काढावेत तर बॅग सामानाच्या डब्यात, ती दुसऱ्या दिवशी मिळणार होती.

एकाने मला ओळखलं आणि ‘आली, आली’ म्हणून हात केला. मी डावीकडे जे पहिलं दार दिसलं त्यात घुसले. ते शिंपीकाकांचं दुकान. त्यांना म्हटलं, काका, मला आत्ताच्या आत्ता कोणीही करा, पण शिपाई करू नका. त्यांच्याकडे तयार कपडा एकही नव्हता. बँकेतल्या मॅनेजरबाईंचा हिरवा कोट होता, अर्धा शिवलेला. एक बाही लागलेली, दुसरी टेबलावर. कच्चे टाके, जागोजागी टाचण्या, आणि त्या बाईंच्या मापाचा, म्हणजे माझ्यासारख्या दोघी मावतील असा. खाली काकूंचा स्वयंपाकघरातला झगा. काकांनी मला दहादा बजावलं, की श्वास बेताने घे, टाके उसवतील. वर्दी त्यांनी स्वतः घडी घालून कपाटात ठेवली.

मी शेवटच्या रांगेत, लाँड्रीवालीच्या मागे उभी राहिले. घोषणा द्यायची मला मनाईच होती, पण त्या टाचण्यांमुळे टाळीसुद्धा वाजवता येईना. तू चढाबद्दल बोललीस. मंचावर तुझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. त्या खुर्चीकडे बघून मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. पण लोक तुझ्याकडे बघत होते, फक्त तुझ्याकडे. मी शेजारी बसले असते तर निम्मे माझ्याकडे बघत बसले असते. लाँड्रीवालीचा नवरा पुढे स्टुलावर बसला होता आणि तुझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. मला रडू आलं. रडताना श्वास बेताने घेता येत नाही. एका बाजूचे टाके गेले.

मॅनेजरबाईंना शिंपीकाकांनी काय सांगितलं कोणास ठाऊक. तू भेटशील तेव्हा माझ्या वतीने माफी माग.

उद्या मतमोजणी. निकाल काहीही लागो, तार कर. डेपोतली सगळी मंडळी वाट बघताहेत, अर्थात आपापल्या मनात, वर्दी घालून. तुझ्या मायेला हिरव्या कोटातून हजारदा नमस्कार.

भिंगरी

*

११ एप्रिल

चि. भिंगरीस,

उदंड आशीर्वाद. तारेत फक्त ‘एकतीस’ लिहिलं, कारण पुढचं मोजक्या शब्दांत मावेना. एकतीस मतांनी पडले.

मतमोजणीच्या खोलीत ताठ उभी होते. फर्निचरवाल्याशी हात मिळवला. घरी आले, स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि पाच मिनिटं रडले. आतोबा बाहेरून म्हणाले, की पाणी वाया जातंय. मग मला हसू फुटलं. तेवढ्यात माणसं यायला लागली. लाँड्रीवाली, शिंपीकाका, संगीताचे मास्तर, ज्यांच्या टेबलाखाली पत्रक होतं ते. बसायला जागा उरली नाही, लोक जिन्यावर बसले. हरलेल्या घरात एवढा गलका मी कधी ऐकला नव्हता. कोणी म्हणालं, जिंकला असतात तर आम्हाला आत तरी घेतलं असतंत का.

आणि मग फर्निचरवाला आला. तो दारातच उभा राहून म्हणाला, की शेवटच्या पंधरा दिवसांत ज्या दारात गेलो, तिथे मला त्या चढाबद्दल विचारलं. एका म्हातारीने तर मला चढवून नेलं आणि वर पोहोचेपर्यंत सोडलं नाही. तो खरंच धापा टाकत होता, बहुधा आमच्याच जिन्याने. त्याने चारचौघांत कबूल केलं, की हा चढ तो दहा वर्षांत एकदाही पायी चढला नव्हता.

काल नगरपालिकेची पहिली सभा झाली. पहिला ठराव सात नंबरचा, त्यानेच मांडला. तीन महिने बस वरपर्यंत जाऊन बघायची. नवा ड्रायव्हर त्या वळणांना घाबरतो, म्हणून पहिला आठवडा त्याच्या शेजारी बसून शिकवायला कोणीतरी जाणतं हवं. आज सकाळी सहाला मी बस डेपोत हजर होते. वरच्या थांब्यावर लाँड्रीवालीचा नवरा उतरला, त्याने मागे वळून चढाकडे बघितलं आणि कोणाला तरी शिवी हासडली. कोणाला ते कळलं नाही, पण मनापासून होती.

खुर्ची मिळाली असती तर आवडलं असतं, नाही कशाला म्हणू. पण मला जायचं होतं वर, आणि वर गेले.

मॅनेजरबाई कोटावर खूश आहेत. तू उसवलेला म्हणून शिंपीकाकांनी सगळाच नव्याने शिवला.

तुझे वर्ग सुरू झाले की सविस्तर लिही. आशीर्वाद दे म्हणायला विसरू नकोस, मी वाट बघत असते.

तुझी आत्या

*

२१ मे

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. आशीर्वाद दे, आधी दे.

वर्ग सुरू झाले. तीस जण आहेत, त्यातल्या अठ्ठावीस जणांना वाटतं, त्यांना सगळं येतं. उरलेले दोघे चांगले ड्रायव्हर होतील.

मेजर मॅडमनी काल मला निराळंच काम दिलं. नव्या तुकडीला तो नियम समजावून सांगायचा, वर्दी आणि राजकारणाचा. म्हणाल्या, कागद वाचू नकोस, झालेलं सांग. मग मी उभी राहिले आणि पत्रकापासून कोटापर्यंत सगळं सांगितलं. सीमा-विमा ऐकून तर एक जण बाकावरून खाली आला. पण तू प्रूफ मांडीवर घेऊन दुपारभर बसली होतीस, ते सांगितलं तेव्हा तोच सावरून बाकावर बसला.

शेवटी एका मुलीने हात वर करून विचारलं, की मग तुम्ही मत कोणाला दिलंत. सगळे हसले. मेजर मॅडम मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्यांनीसुद्धा मान पुढे काढली. मी सांगितलं, की ज्या बाईने मला वाढवलं, ती एकतीस मतांनी हरली, आणि तरीही तिने हा प्रश्न मला आजवर विचारलेला नाही. तेव्हा तुम्हाला काय म्हणून सांगू.

बोलून गेले आणि मग ध्यानात आलं. खरंच नाही विचारलंस तू. मतदानाच्या दिवशी मी मत देऊन घरी आले, तू दार उघडलंस, भूक लागली का विचारलंस, पाय दुखतात का विचारलंस. ते नाही विचारलंस.

आत्या, विचारावंसं वाटत असेल तर विचार. पुढच्या सुट्टीत दार लावून सांगेन.

माया अशीच राहू दे.

तुझी भिंगरी

*

२८ मे

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. मागायच्या आधीच दिले होते.

नाही विचारणार. सुट्टी कधी आहे तेवढं कळव.

आत्या